विश्वामित्रीची वही : नदीचं बदलतं पात्र घरच्या साधनांनी कसं मोजावं

पावसाळ्यात बडोद्यातल्या प्रत्येक घरात दोन आकडे पाठ असतात. एक आजवा सरोवराची पातळी, दुसरी काळ्या घोड्याच्या पुलाजवळची विश्वामित्रीची पातळी. पुलाजवळ २६ फूट झाले की धोका, हे पहिलीतल्या पोरालाही ठाऊक. २०२४च्या ऑगस्टअखेर हा आकडा ३५ फुटांच्या वर गेला आणि आमच्या ओळखीतल्या निम्म्या लोकांनी फ्रिज, गाद्या, पुस्तकं सगळं एकदम रस्त्यावर काढलं.

या आकड्यावरून भांडं किती भरलं ते कळतं. भांड्याचा आकार मात्र त्यातून कळत नाही. त्याच पुलाखाली गेल्या वर्षीपेक्षा तळ अर्ध्या मीटरने वर आला असेल, तर तेवढंच पाणी आलं तरी पातळी जास्त दिसणार. वळणावरचा काठ दोन मीटर आत सरकला असेल, तर पुढच्या पुरात कुणाची भिंत जाईल हे आधी सांगता येतं. त्यासाठी पात्राचा आकार वर्षानुवर्षं एकाच पद्धतीने मोजून ठेवावा लागतो.

मी शाळेत भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर २०१७पासून भाचा, शेजारचे गवंडीकाम करणारे एक भाई आणि अधूनमधून येणारे एकदोन विद्यार्थी मिळून आम्ही हे करतो. त्यातली पहिली दोन वर्षं वाया गेली, ती कशी गेली ते पुढे सांगते. साधनांचा खर्च एका चांगल्या साडीपेक्षा कमी आहे. खरा खर्च चिकाटीचा.

नदी आधी ओळखून घ्या

मोजमापाची पद्धत नदी पाहून ठरते, पुस्तक पाहून नाही. विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून निघते, शहराच्या मधून वेटोळी घेत जाते, खाली ढाढरला मिळते आणि ते पाणी खंभातच्या आखाताला जातं. वरच्या अंगाला सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेलं आजवा सरोवर आहे. शहरात उतार अगदी मंद, काठ गाळमातीचे, उभे आणि उंच. दगडगोट्यांची नदी असती तर तळातले शंभर गोटे उचलून त्यांचा व्यास मोजण्याची एक छान पद्धत आहे. आमच्याकडे शहरात तिचा उपयोग नाही, बादलीभर चिखलच हाती येतो.

आणि मगरी. शेकडो मगरी भर शहरात राहतात, अशी नदी दुसरीकडे सहज सापडायची नाही. त्यामुळे जगभरच्या मार्गदर्शिकांत पहिल्याच पानावर लिहिलेलं ‘गमबूट घालून पात्रात उतरा’ हे वाक्य इथे खोडून टाका. या लेखातली एकही पायरी पाण्यात किंवा पाण्याच्या कडेला उतरून करायची नाही. सगळं पुलावरून आणि काठाच्या माथ्यावरून. फेब्रुवारी ते जून हा मगरींच्या अंडी घालण्याचा आणि पिल्लं बाहेर पडण्याचा काळ. तेव्हा काठाच्या झुडपांत शिरायचंच नाही. हिवाळ्यात त्या उन्हाला काठावर पडलेल्या असतात, म्हणून तेव्हाही आधी पुलावरून दुर्बिणीने पाहायचं, मग काठाकडे वळायचं. मगर हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे, तिला हुसकावणं हा गुन्हा आहे हेही पोरांना आधीच सांगून ठेवावं. जाता जाता एक गंमत: मगरी काठात बिळं खणतात, आणि अशा पोखरलेल्या जागी काठ आधी बसतो. म्हणजे नदीचा आकार बदलण्यात त्यांचाही थोडा हात आहे.

न हलणारी खूण

हलणारी गोष्ट मोजायची तर न हलणारी गोष्ट लागते. याला सर्वेक्षणात बेंचमार्क म्हणतात, आणि सगळं काम यावर उभं असतं.

आमची पहिली खूण आम्ही बागेच्या पायवाटेच्या कडेच्या दगडावर रंगाने केली होती. दोन वर्षं सगळी मापं तिथून घेतली. तिसऱ्या वर्षी गेलो तर पायवाट नवी, दगड नवे, रंगीत फुल्या गायब. वहीत मापं होती, पण ती कशापासूनची हे सांगणारी वस्तूच जगातून नाहीशी झालेली. दोन वर्षांची वही रद्दी झाली.

तेव्हापासूनचे नियम असे. खूण जुन्या, जड, पक्क्या बांधकामावर घ्यायची: पुलाच्या खांबाची टोपी, जुन्या दगडी पुलाचा कठडा, मंदिराच्या जोत्याचा कोपरा. विजेचा खांब, झाड, फुटपाथ, कुंपण हे कधीही नको. पुलावरचा डांबरी रस्ता तर अजिबात नको. दरवेळी नवा थर पडला की रस्ता काही सेंटिमीटर वर येतो आणि वहीत नदीचा तळ तेवढाच खाली गेल्यासारखा दिसतो! खुणा एक नाही, तीन घ्यायच्या, एकमेकींपासून लांब. दर फेरीला तिन्हींतले उंचीचे फरक तपासायचे. एक हलली तर उरलेल्या दोघी चुगली करतात. प्रत्येक खुणेचे जवळून, दहा पावलांवरून आणि पन्नास पावलांवरून असे तीन फोटो काढून वहीत चिकटवायचे, शेजारी हाताने नकाशा. जीपीएसचा आकडा जरूर लिहा, पण फोनचं जीपीएस चारपाच मीटर इकडेतिकडे सांगतं. त्यावर भरवसा ठेवून खूण शोधत बसलात तर संध्याकाळ होईल.

पुलावरून आडवा छेद

नदी आडवी कापली तर तिचा जो आकार दिसेल तो आडवा छेद. हे या कामाचं हृदय आहे, म्हणून इथे जरा रेंगाळते.

रहदारी कमी असलेला पूल निवडा, पायी पूल असेल तर उत्तम. सकाळी लवकर जा, चार जण असाल तर एकाने फक्त वाहनांकडे लक्ष द्यायचं. पोलीस किंवा कुणी अधिकारी विचारायला येतातच. शाळेचं किंवा संस्थेचं एक पत्र खिशात असलं की बोलणं लवकर संपतं.

साहित्य: ३० मीटरची फायबरची टेप दोन, सपाट बुडाचं वजन, खडू, वही, पेन्सिल. पेन नको, दव पडलं की शाई फुटते. वजन आम्ही घरीच केलं. अर्ध्या किलोच्या डब्यात सिमेंट काँक्रीट भरलं, मधे लोखंडी कडी रोवली. टोकदार ओळंबा चालत नाही, तो मऊ गाळात रुतून बसतो आणि तळ खोटा खोल दाखवतो. सपाट बूड गाळावर टेकतं. डबा कुठला हे फार महत्त्वाचं नाही, दरवर्षी तोच डबा असणं महत्त्वाचं. सुती दोरी वापरू नका, भिजली की तिची लांबी बदलते.

आता कृती. कठड्यावर एका काठाच्या बाजूला शून्याची खूण करा. शक्यतो पुलाच्या बांधकामातला सांधा किंवा खांबाची कड घ्या, म्हणजे रंग उडाला तरी जागा सापडते. तिथून दर तीन मीटरवर खडूने रेघा. प्रत्येक रेघेवर कठड्याच्या माथ्यावरून वजन सोडायचं आणि दोन आकडे लिहायचे: पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर आणि तळापर्यंतचं अंतर. काठाचा उतार जिथे बदलतो तिथे तीन मीटरची वाट न पाहता मधेच एक माप घ्यायचं. पुलाच्या खांबाच्या अगदी जवळ माप घ्यायचं नाही, तिथे भोवऱ्यांनी खड्डा पडलेला असतो आणि तो सगळ्या छेदाला बट्टा लावतो. खांबाजवळचा खड्डा वेगळा मोजा, वेगळ्या पानावर.

पाणी जोरात असेल तर घरी जा. प्रवाह वजनाला ओढतो, टेप तिरकी होते. टेप दहा अंशांनी तिरकी झाली तर आठ मीटर लांबीवर साधारण बारा सेंटिमीटरची चूक होते, आणि वर्षभरात तळात होणारा बदलही अनेकदा एवढाच असतो.

कठडा सगळीकडे एका पातळीत असतो असं समजू नका. बरेच पूल मधे फुगलेले असतात. म्हणून प्रत्येक रेघेपाशी कठड्याची उंची किती, हे पक्क्या खुणेशी जोडावं लागतं. ज्यांच्याकडे ऑटो लेव्हल (आडवी नजर धरणारी सर्वेक्षणाची दुर्बीण) आणि स्टाफ (आकडे छापलेली उभी पट्टी) मिळण्याची सोय आहे त्यांनी ती वापरावी. स्थापत्यशास्त्राचे विद्यार्थी सोबत असतील तर ते आनंदाने शिकवतात. आधी उंची माहीत असलेल्या खुणेवरचं वाचन (बॅकसाइट), मग पुढच्या जागेवरचं (फोरसाइट), आणि शेवटी निघालो त्या खुणेवर परत येऊन चूक किती राहिली ते पाहायचं. साध्या कामाला जाऊन-येऊन एकूण किलोमीटरच्या वर्गमुळाला २५ मिलिमीटरने गुणून येते तेवढी चूक खपते. १२० मीटरचा पूल जाऊन-येऊन २४० मीटर, म्हणजे सुमारे १२ मिलिमीटर. जास्त आली तर परत मोजा.

आम्ही मात्र गवंड्यांची लेव्हल पाइप वापरतो. पारदर्शक नळी, आत पाणी, दोन्ही टोकांचं पाणी एका पातळीत. पहिल्या वेळी आकडे काही केल्या जुळेनात. मी वही तीनदा तपासली, भाच्यावर एकदा ओरडलेही. भाई नळीकडे नुसते बघत होते, मग म्हणाले, “बेन, पाइपमां हवा छे.” नळीच्या मध्यावर बोटभर लांबीचा हवेचा बुडबुडा होता. तेव्हापासून नळी भरल्यावर पूर्ण लांबी उजेडात धरून पाहतो, आणि नळीचा अर्धा भाग उन्हात, अर्धा सावलीत राहणार नाही असं बघतो.

घरी आल्यावर आकडेमोड. प्रत्येक जागी कठड्याच्या उंचीतून तळापर्यंतचं अंतर वजा केलं की तळाची उंची मिळते. आलेखाच्या कागदावर आडवं अंतर, उभी उंची. दोन वर्षांच्या रेघा एकावर एक काढल्या की डोळ्यालाच अर्ध्या गोष्टी कळतात. क्षेत्रफळासाठी एक ठरावीक उंची घ्या, समजा काठाच्या माथ्याची, आणि ती पुढे कधीही बदलू नका. त्या उंचीपासून तळ किती खाली आहे ते प्रत्येक जागी काढा, शेजारच्या दोन खोलींची सरासरी गुणिले मधलं अंतर, सगळ्यांची बेरीज. समजा लागोपाठ चार जागी खोली २, ५, ६ आणि ३ मीटर आहे आणि अंतर तीन-तीन मीटर. तर साडेदहा, साडेसोळा आणि साडेतेरा, एकूण ४०.५ चौरस मीटर. पुढच्या वर्षी त्याच जागी ३८ आले, तर पात्र अडीच चौरस मीटरने आक्रसलं. छेदातली सर्वांत खोल जागा कुठे आहे तेही लिहा. ती डावीकडून उजवीकडे सरकत असेल तर काठ पडण्याच्या किती तरी आधी नदीने बेत सांगितलेला असतो.

पुलाच्या छेदाची एक मर्यादा लक्षात असू द्या. पूल बांधताना बहुधा अरुंद, सरळ जागा निवडतात आणि काठाला दगड लावतात. तिथली नदी जरा शिस्तीत वागते. खरा चुळबुळेपणा दोन पुलांमधल्या वळणांवर.

वळणावरचा काठ

वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी काठ खातं आणि आतल्या बाजूला गाळ टाकतं, हे आपण सातवीत शिकलो. सगळी वळणं सारखी खात नाहीत, हे मात्र तेव्हा कुणी सांगत नाही. वळणाची त्रिज्या पात्राच्या रुंदीच्या साधारण दोन-तीन पट असते तिथे सरकण्याचा वेग बहुधा सर्वांत जास्त असतो. उपग्रहाच्या चित्रावर वळणात बसेल असं वर्तुळ काढा, त्रिज्या मोजा, रुंदीने भागा. उत्तर दोन ते तीनच्या मधे आलं की ते वळण यादीत वर.

काठात आडवे गज ठोकून ते किती उघडे पडले हे पाहण्याची पद्धत प्रसिद्ध आहे. ती इथे विसरा, कारण गज ठोकायला काठाच्या तोंडाशी उतरावं लागतं. त्याऐवजी माथ्यावर खुंट्या. काठाच्या कडेला काटकोनात एक सरळ रेघ धरा, तिच्यावर कडेपासून १० आणि २० मीटरवर दोन लोखंडी खुंट्या, जमिनीत पाऊण मीटर आत, डोकं जमिनीच्या पातळीला. वर राहिली तर कुणाला तरी ठेच लागते, किंवा ती भंगारात जाते. दोन खुंट्या अशासाठी की त्या एका रेषेत धरल्या की दरवेळी त्याच दिशेला मोजता येतं, आणि पुढची नदीत गेली तरी मागची उरते. अशा रेघा एका वळणावर निदान पाच: एक वळण सुरू होण्याआधी, तीन पोटात, एक वळण संपल्यावर.

मोजताना काठाच्या कडेवर उभं राहायचं नाही. आतून पोखरलेला काठ वरून अगदी धडधाकट दिसतो. कडेपासून तीन मीटर आधीच थांबायचं, लांब बांबूच्या टोकाला टेप बांधून बांबू पुढे सरकवायचा, टोक कडेला आलं की दुसऱ्याने बाजूला उभं राहून ‘बस’ म्हणायचं. हसू येतं, पण एकदा ढेकळासकट माती खाली जाताना पाहिली की हसू थांबतं.

काठ पुराच्या शिखरावर पडतो असा समज आहे. आमच्या वहीत बहुतेक पडझड पाणी उतरल्यानंतरची आहे. पूर असताना माती पाण्याने तुडुंब भरते, पण बाहेरचं पाणी तिला टेकू देत असतं. पाणी झपाट्याने उतरलं की टेकू जातो, आतलं पाण्याचं ओझं तसंच राहतं, आणि काठ बसतो. म्हणून पूर ओसरल्यावर लगेच उत्साहाने धावू नका. दहा-पंधरा दिवस जाऊ द्या. एक तर जीव महत्त्वाचा, आणि दुसरं, लगेच मोजलंत तर अर्धी पडझड मोजणीतून सुटते.

फोटो

स्वस्त आणि सर्वांत कमी लेखलेली पद्धत. पुलावर एक जागा ठरवा, तिथूनच फोटो, फोन आडवा, झूम नाही, कठड्याची ठरावीक कड चित्राच्या खालच्या रेघेला. चित्रात एखादी न हलणारी इमारत हवी. मागच्या वेळचा फोटो छापून सोबत न्या आणि त्याच्याशी जुळवून काढा. त्या दिवशीची काळ्या घोड्याची पातळी फोटोच्या नावातच लिहा, नाहीतर पाच वर्षांनी ‘पात्र रुंद झालं’ म्हणून ओरडाल आणि फक्त पाणी जास्त होतं असं निघेल.

ड्रोनबद्दल सगळे विचारतात. आपला विमानतळ हरणीला, नदीपासून फार लांब नाही. ड्रोन कुठे उडवता येतो हे दाखवणारे परवानगीचे रंगीत पट्टे सरकारी नकाशावर आधी बघा; बहुतेकांचा उत्साह तिथेच मावळतो.

आकाशातून: कुठल्या नदीला कुठलं चित्र

इथे सगळ्यात जास्त गल्लत होते. महाविद्यालयातली मुलं येतात, लॅन्डसॅट या अमेरिकी उपग्रहांची चाळीस वर्षांची चित्रं उतरवून घेतलेली असतात, आणि विश्वामित्रीचा बदल काढून दाखवतात. ही चित्रं २००८पासून सगळ्यांना फुकट आहेत, १९८४पासूनची ३० मीटरच्या ठिपक्याची (चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा ३० मीटरचा चौकोन) मिळतात, हे सगळं खरं. पण शहरातली विश्वामित्री अशा एखाददोन ठिपक्यांतच मावते. त्यात झाडांची सावली, जलपर्णी. मुलांनी काढलेला ‘बदल’ हा बहुतेक ठिपक्यांचा खेळ असतो. युरोपच्या सेन्टिनेल-२ या उपग्रहांची चित्रं २०१५पासून १० मीटरची आहेत, तीही इथे अपुरीच.

हीच चित्रं घेऊन महीकडे जा. शहरापासून तासाभराच्या आत, सिंधरोट किंवा वासदच्या बाजूला, महीचं पात्र शेकडो मीटर रुंद आहे. तिथे वाळूची बेटं कशी सरकली, मुख्य धार कुठल्या काठाला गेली हे लॅन्डसॅट सुरेख दाखवतं. नोव्हेंबर-डिसेंबरची चित्रं घ्या, ढग नसतात. उपग्रह प्रत्येक रंगाच्या प्रकाशाचा वेगळा पट्टा टिपतो. पाणी वेगळं काढायला प्रत्येक ठिपक्याच्या हिरव्या पट्ट्याच्या आकड्यातून लघुतरंग अवरक्त (डोळ्याला न दिसणाऱ्या) पट्ट्याचा आकडा वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं. उत्तर शून्याच्या वर गेलं की बहुधा पाणी. महीच्या पाण्यावर वरच्या कडाणा धरणाचा अंमल आहे, तेव्हा दोन चित्रांतल्या पाण्याच्या फरकाला लगेच आकाराचा बदल म्हणू नका. वाळूसकट सगळं पात्र जोडून त्याची कड धरा.

विश्वामित्रीसाठी गुगल अर्थ प्रो मधली जुनी चित्रं. घड्याळाचं चिन्ह दाबून मागे मागे जा. जितक्या वर्षांची स्वच्छ चित्रं मिळतील तितकी वापरा, पण रेघ ओढताना एक पथ्य: पाण्याची कड नव्हे, काठाची कड. पाण्याची कड दर आठवड्याला बदलते. गांडो बावळाच्या (वेड्या बाभळीच्या) झुडपांनी कड झाकलेली असेल तर एप्रिल-मेचं चित्र शोधा, आणि तरीही दिसत नसेल तर तो तुकडा तुटक रेघेने काढून ‘अंदाज’ असं लिहा.

रेघा ओढण्याआधी वेगवेगळ्या वर्षांची चित्रं एकमेकांवर नीट बसतात का ते पाहायचं. कीर्तिमंदिराचा कळस, विद्यापीठाच्या कला शाखेचा घुमट, जुन्या पुलांचे कोपरे, अशा पाच-सहा जागा प्रत्येक चित्रात टिपा. घुमट-कळस उंच असल्याने तिरक्या चित्रात कलंडतात, म्हणून जमिनीलगतचे कोपरे जास्त विश्वासाचे. एकाच कोपऱ्याची जागा दोन वर्षांत पाच मीटरने सरकली दिसली, तर इमारत हललेली नाही, चित्र हललंय. हा आकडा वहीत ठळक लिहा.

मग रेघा क्यूजीआयएस या नकाशे करण्याच्या फुकट प्रोग्रॅममध्ये घ्या आणि यूटीएम ४३ उत्तर या, मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशापद्धतीच्या आपल्याकडच्या पट्ट्यात बदला, म्हणजे लांबी अंशांत न येता मीटरमध्ये येईल. दोन्ही काठांच्या मधली रेघ काढा. दोन वर्षांच्या मधल्या रेघांच्या बेचक्यात जे क्षेत्रफळ सापडतं त्याला नदीच्या लांबीने भागलं की सरासरी सरकणं मिळतं. समजा बारा वर्षांत १८,००० चौरस मीटर आणि लांबी ३,००० मीटर, तर सहा मीटर, म्हणजे वर्षाला अर्धा. आता मघाचा पाच मीटरचा आकडा आठवा. सहातले पाच चित्राचेच असू शकतात! अशा वेळी ‘बदल सांगता येत नाही’ असं लिहायचं आणि टेपकडे परत जायचं. नागमोडीपणाही इथेच मिळतो: पात्राची लांबी भागिले त्याच दोन टोकांमधलं सरळ अंतर. दीडच्या वर गेला की नदीला नागमोडी म्हणतात.

खरा बदल किती, मोजणाऱ्याची चूक किती

आमच्या टेपच्या मापात साधारण पाच सेंटिमीटर इकडेतिकडे होतात. हे कसं कळलं? एकाच दिवशी, एकाच पुलावर, दोन वेगळ्या जोड्यांनी सगळा छेद मोजला आणि फरक पाहिले. प्रत्येकाने एकदा हे करावंच. दोन वर्षांची तुलना करताना दोन्हीकडच्या चुका एकत्र येतात: पाचाचा वर्ग अधिक पाचाचा वर्ग, त्याचं वर्गमूळ, म्हणजे सुमारे सात. सात सेंटिमीटरच्या आतला फरक आम्ही आलेखावर काढतो, पण त्याबद्दल कुणाशी बोलत नाही.

कारण शोधताना

आकार बदलला म्हणजे नदीनेच बदलला असं नाही. शहरी नदीच्या काठावर रात्री ट्रक येऊन बांधकामाचा मलबा टाकून जातात. छेदात ते काठाचं फुगणं म्हणून दिसतं. नदीने टाकलेला गाळ थरांनी, मऊ, वळणाच्या आत येतो. मलब्यात विटा असतात आणि तो रस्ता पोचतो तिथेच असतो. फोटो असेल तर वाद राहत नाही.

२०२४च्या पुरानंतर, २०२५च्या उन्हाळ्यात महापालिकेने पात्रातला गाळ काढण्याचं आणि पात्र रुंद करण्याचं मोठं काम हाती घेतलं. वही ठेवणाऱ्याने अशा वेळी जुन्या छेदाखाली जाड रेघ मारावी आणि नव्याने पहिलं माप घ्यावं. आधीच्या आणि नंतरच्या मापांची सरासरी काढणं म्हणजे दोन वेगळ्या माणसांचं वजन मिळवून निम्मं करणं. इथून पुढचे दोन-तीन पावसाळे फार बोलके असतील. रुंद केलेल्या, मंद उताराच्या पात्रात पाण्याचा वेग कमी होतो आणि गाळ पुन्हा बसायला लागतो. किती, कुठे आणि किती वेगाने, हे पुलाखालचे छेद सांगतील. ताज्या कापलेल्या काठांवर झाडोरा नसतो, तेव्हा खुंट्यांच्या रेघा तिथे आधी मारा.

वेळापत्रक आणि वही

आमची मोठी फेरी नोव्हेंबरात: छेद, काठ, फोटो, सगळं. मेअखेर छोटी फेरी, फक्त पुलांवरून. मोठा पूर आला तर तो ओसरल्यावर एक जादा. उपग्रहाच्या रेघा वर्षातून एकदा पुरतात.

प्रत्येक पानावर तारीख, वेळ, मोजणाऱ्यांची नावं, टेप कुठली, काळ्या घोड्याची पातळी आणि खुणेचा क्रमांक. चुकलेला आकडा खोडरबराने पुसायचा नाही, एक रेघ मारून शेजारी नवा लिहायचा. कित्येकदा जुनाच बरोबर निघतो. त्याच संध्याकाळी वहीच्या पानांचे फोटो तीन घरी जातात, कारण २०२४ला खालच्या मजल्यावरच्या कपाटात ठेवलेली एक वही भिजली. तिची पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत. नवी वही आता वरच्या मजल्यावर असते, आणि टेप, डबा, नळी भाईंच्या घरी, जिन्याखाली.

नोव्हेंबरात भाच्याची मुलगी पहिल्यांदा येणार आहे. तिला खडूच्या रेघा मारायचं काम दिलंय. शून्य कुठल्या सांध्यावर आहे ते मी तिला सांगणार नाही, वहीतल्या नकाशावरून शोधायला लावणार आहे. तिला सापडलं नाही, तर नकाशा पुन्हा काढावा लागेल.